बळाची वाट: एका तांत्रिक पुस्तिकेचं रसग्रहण

आयआयटी कानपूरचे तेव्हाचे प्राध्यापक सी. व्ही. आर. मूर्ती यांनी २००२ ते २००४ या काळात भूकंप आणि इमारती या विषयावर चोवीस टिपणं लिहिली. प्रत्येक टिपण दोन पानांचं. दिल्लीच्या ‘बिल्डिंग मटेरियल्स अँड टेक्नॉलॉजी प्रमोशन कौन्सिल’नं या कामाला पाठबळ दिलं आणि २००५ साली ही टिपणं ‘अर्थक्वेक टिप्स’ या नावानं पुस्तकरूपात आली. पुढे त्यांत भर पडली, पण इथे मी मूळच्या चोवीस टिपणांबद्दलच लिहितो आहे. बांधकाम क्षेत्रातल्यांना ती ठाऊक आहेत. साहित्य वाचणाऱ्यांच्या हाती मात्र ती सहसा पडत नाहीत, आणि ती पडायला हवीत असं मला मनापासून वाटतं. अवघड विषय सोपा करून सांगणारं गद्य आपल्याकडे पुष्कळ आहे. सोपं करताना त्यातलं सत्य पातळ होऊ न देणारं गद्य फार थोडं. हे त्या थोड्यांपैकी आहे, आणि त्यातलं एकेक विधान बरोबर असण्यावर माणसांचे जीव अवलंबून आहेत.

टिपणं लिहायला घेतली तेव्हा भुजच्या भूकंपाला जेमतेम वर्ष उलटलं होतं. २६ जानेवारी २००१ च्या त्या सकाळी गुजरातमध्ये तेरा हजारांहून अधिक माणसं गेली. केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती बसल्या. त्या इमारती काही अडाणीपणाच्या काळातल्या नव्हत्या. भूकंपरोधक रचनेचं भारतीय मानक, आयएस १८९३, पहिल्यांदा १९६२ साली निघालं. रुरकीला जय कृष्ण यांनी १९६० साली भूकंप अभियांत्रिकीचं शिक्षण सुरू केलं आणि आनंद स्वरूप आर्य यांच्यासारख्यांनी साध्या दगडविटांच्या घरांवर आयुष्यभर काम केलं. म्हणजे ज्ञान चाळीस वर्षं घरात होतं. ते नकाशा काढणाऱ्या टेबलापासून सळई वाकवणाऱ्या हातापर्यंत पोचलं नव्हतं. मूर्तींची टिपणं हे अंतर कापायला निघालेली आहेत, आणि त्यांच्या शैलीचे सगळे निर्णय या एका गरजेतून आलेले आहेत.

शीर्षकं बहुतेक प्रश्नार्थक आहेत. भिंतींना आडवे पट्टे कशाला लागतात, इमारती पिळवटतात कशा, तळमजला मोकळा ठेवला की इमारत दुबळी का होते: घर बांधायला निघालेल्या कुठल्याही शहाण्या माणसानं विचारावेत असे हे प्रश्न. उत्तर दोन पानांत संपवायचं ही मर्यादा लेखकानं पाळली आहे. समीकरणं जवळजवळ नाहीतच. त्यांच्या जागी साधी रेखाचित्रं आहेत: एखादी चौकट, एखादी भिंत, तिच्यात पडणारी फट, आणि बाण. हे बाण वाचता येऊ लागले की अर्धं पुस्तक समजलं. जमीन कुठे सरकते, छप्पर कुठे मागे राहतं, ताण कुठल्या कोपऱ्यात साचतो, हे सगळं बाण सांगतात. शब्द त्यांच्या मागोमाग येतात आणि एकही विशेषण जास्तीचं आणत नाहीत.

टिपणांच्या क्रमातही लेखकाचा कौल दिसतो. पहिली चार टिपणं पृथ्वीची, जमिनीची, भूकंपाच्या मोजमापाची आणि भारताच्या भूकंपक्षेत्रांची. पुढची सहा इमारत हलते तेव्हा तिच्यात काय घडतं याची. अकरावं मानकांवर. त्यानंतर काँक्रीट यावं अशी आपली अपेक्षा असते, कारण अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात प्रतिष्ठा काँक्रीटला. इथे मात्र बारा ते सोळा ही पाच टिपणं विटांच्या आणि दगडांच्या घरांना दिली आहेत, आणि काँक्रीट त्यांच्यानंतर येतं. देशातली बहुसंख्य माणसं ज्या भिंतींच्या आत झोपतात, त्या भिंतींना पुस्तकानं पहिली पंगत दिली आहे. हा मान मला फार मोलाचा वाटतो. १९९३ च्या भूकंपात किल्लारीत आणि २००१ साली भुजच्या खेड्यांत माणसं ज्यांच्याखाली गेली ती घरं कुठल्याच अभियंत्यानं काढून दिलेली नव्हती.

साऱ्या पुस्तकाचा गाभा पाचव्या टिपणात आहे. वारा इमारतीला बाहेरून ढकलतो. भूकंप तसं करत नाही. तो इमारतीचा पाया तिच्याखालून सरकवतो, आणि छप्पर जिथे होतं तिथेच राहू पाहतं. बस अचानक सुरू झाल्यावर उभा प्रवासी मागे झुकतो तेव्हा त्याला कोणी ढकललेलं नसतं. लेखकानं तोच दाखला घेतला आहे. म्हणजे इमारतीवर येणारं बळ तिच्या स्वतःच्या वजनातून जन्मतं. वजन जितकं जास्त आणि जितकं वर, तितकं हे बळ मोठं. हे एकदा कळलं की मराठवाड्याचं माळवद वेगळंच दिसू लागतं. उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून लाकडी तुळयांवर टाकलेला मातीचा जाड थर, पावसाळ्याआधी गळती थांबवण्यासाठी त्यावर चढवलेला पांढऱ्या मातीचा नवा थर, असे वर्षानुवर्षांचे थर. प्रत्येक थर त्या घरासाठी शहाणपणाचाच होता. तापमान आणि पाऊस यांच्याशी तो नीट बोलत होता. हलणाऱ्या जमिनीशी बोलायची वेळ पिढ्यान् पिढ्या आलेलीच नव्हती. पुस्तकात माळवदाचं नाव घेऊन काही म्हटलेलं नाही, पण पाचवं टिपण वाचून लातूरकडचा वाचक ते स्वतःच्या घरावर लावल्याशिवाय राहणार नाही.

दृष्टांत वापरण्यात मूर्ती काटकसरी आहेत. भूकंपाची तीव्रता गावागावात वेगळी असते पण त्याची महत्ता एकच असते, हे सांगायला ते विजेच्या दिव्याकडे बोट दाखवतात: दिवा किती वॅटचा ते ठरलेलं, उजेड मात्र तुम्ही किती लांब बसलात त्यावर. भूकंपाची बातमी देताना आजही या दोन गोष्टींचा घोळ होतो, आणि तो या एका परिच्छेदानं मिटू शकतो. पिळवटणाऱ्या इमारतीसाठी ते झाडाच्या फांदीला बांधलेला झोका घेतात. दोन्ही दोर सारखे असले आणि बसणारा मध्यावर असला की झोका सरळ जातो. नाहीतर गिरकी घेतो. इमारतीत एका बाजूला कडक भिंती आणि दुसऱ्या बाजूला नुसते खांब असले की तीही गिरकी घेते, आणि मग दूरच्या कोपऱ्यातल्या खांबांना त्यांच्या वाट्याहून जास्त सोसावं लागतं. दाखला दिला, काम झालं, की ते तो सोडून देतात. पुढे ताणत नाहीत.

वजनातून जन्मलेलं बळ छपरातून भिंतीत, भिंतीतून जोत्यात आणि जोत्यातून जमिनीत गेलं पाहिजे. ही बळाची वाट म्हणजे या पुस्तकाचं कथानक आहे. प्रत्येक टिपण तिच्यावरचा एकेक टप्पा तपासतं: इथे वाट अखंड आहे का, इथे ती तुटते का, इथे ती अचानक अरुंद होते का. एरवी रुक्ष वाटणारे तपशील या वाटेवर आणून ठेवले की त्यांना अर्थ येतो.

विटांच्या घरावरची टिपणं या दृष्टीनं फार सुंदर आहेत. एक भिंत घ्या. तिला लांबीच्या दिशेनं रेटलं तर ती पुष्कळ सोसते. जाडीच्या दिशेनं रेटलं तर सहज कलंडते. भूकंप दिशा निवडत नाही, म्हणून चार भिंतींपैकी दोन कुठल्याही क्षणी दुबळ्या बाजूनं सापडलेल्या असतात. त्या वाचाव्यात कशा? त्यांना शेजारच्या दोन भिंतींशी असं बांधायचं की दुबळेपणी त्यांनी सबळ भिंतींवर रेलावं. यासाठी जोत्याला, दारं-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली काँक्रीटचे सलग पट्टे फिरवायचे. त्यांतला दारं-खिडक्यांवरचा, लिंटेलचा पट्टा सगळ्यांत महत्त्वाचा. काय लागतं त्याला? किमान ७५ मिलिमीटर जाडी, किमान ८ मिलिमीटरच्या दोन सळया, आणि त्यांना दर १५० मिलिमीटरवर बांधणाऱ्या ६ मिलिमीटरच्या आडव्या कड्या. तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही दुकानात मिळणारं सामान. मात्र पट्टा चारही भिंतींवरून न तुटता फिरला पाहिजे आणि कोपऱ्यात सळया नीट वळवून एकमेकींत गुंतवल्या पाहिजेत. कोपऱ्यात तुटलेला पट्टा म्हणजे तुटलेली वाट.

आणि मग चौदाव्या टिपणातली ती दोन छायाचित्रं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या मिरवणुकांनंतर गावं झोपलेली असताना, किल्लारी आणि आसपासच्या गावांत सुमारे आठ हजार माणसं गेली. मूर्ती आकडा देऊन थांबत नाहीत, ढिगाऱ्यांचं वर्णन करत नाहीत. एका छायाचित्रात पट्टा नसलेलं, भिंती आणि छप्पर कोसळलेलं घर आहे. शेजारच्या छायाचित्रात किल्लारीतलंच एक घर आहे, लिंटेलचा पट्टा असलेलं. ते उभं आहे, जवळजवळ जसंच्या तसं. त्याच गावात, त्याच पहाटे, त्याच हादऱ्यात.

या निवडीपाशी मी दर वाचनात रेंगाळतो. किल्लारीबद्दल आपण जे पाहिलं, वाचलं, ते जवळपास सगळं पडलेल्या गोष्टींबद्दल होतं, आणि ते स्वाभाविकही होतं. इतक्या मृत्यूंपुढे दुसरं काय दिसणार? मूर्तींची नजर उभ्या राहिलेल्या घरावर जाते आणि त्याला विचारते, तू का राहिलंस? दुःखाचा अनादर यात कुठेही नाही. उलट, मेलेल्यांबद्दलचा यापेक्षा खोल आदर मला सुचत नाही, कारण उत्तर मिळतं आणि ते पुढच्या घरासाठी कामी येतं. दोन छायाचित्रं शेजारी ठेवण्यात लेखकानं जे साधलं आहे ते पानभर करुण वर्णनानं साधलं नसतं. ‘निसर्गापुढे माणसाचं काय चालतं’ हे आपलं सवयीचं वाक्य त्या दोन चित्रांपुढे उच्चारता येत नाही.

सोळावं टिपण दगडी घरांचं. लातूर-धाराशिवकडच्या घरांच्या भिंती दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत जाड. जाड म्हणून भक्कम, असा आपला समज. टिपण भिंत उभी चिरून दाखवतं: बाहेरून एक पदर, आतून एक पदर, मधे चिपा आणि माती. दोन्ही पदर एकमेकांना धरून नाहीत. हादरा बसला की ते फुगतात, विलग होतात आणि एक आत, एक बाहेर कोसळतो. उपाय आहे आरपार जाणारा दगड, दोन्ही पदरांना शिवणारा. उंचीत दर ६०० मिलिमीटरला, आडवं पाहिलं तर जास्तीत जास्त १.२ मीटरवर एक. आणि भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरहून जास्त नको. जाडी वाढवून मजबुती येते हा शतकांचा विश्वास इथे एका आकड्यानं उलटवला आहे, आणि तोही अशा शांतपणे की वाचणाऱ्या गवंड्याला आपली अक्कल काढली असं वाटू नये.

काँक्रीटकडे वळण्याआधी नववं टिपण पाहिलं पाहिजे, कारण विसाव्या शतकात भूकंप अभियांत्रिकीनं केलेली सगळ्यांत मोठी झेप त्यात आहे. मूर्ती एक साखळी काढतात. एक कडी चिवट, ताणली तर लांबणारी, बाकीच्या ठिसूळ. साखळी ओढत गेलं की सगळ्यांत कमजोर कडी आधी हार मानणार. ती ठिसूळ असेल तर साखळी कट्कन तुटेल. म्हणून चिवट कडीच मुद्दाम सगळ्यांत कमजोर ठेवायची, म्हणजे ती लांबेल, ऊर्जा पिईल, आणि ठिसूळ कड्यांवर प्रसंग येणारच नाही. इमारत मोठ्या भूकंपात कुठेतरी मोडणार हे मान्य करून, ती कुठे आणि कशी मोडेल हे आधी ठरवून ठेवायचं. बीमनं कॉलमच्या आधी वाकावं, आणि सळईनं काँक्रीटच्या आधी ताणावं. या विचाराला शास्त्रीय बैठक दिली ती मुख्यतः न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या रॉबर्ट पार्क आणि थॉमस पॉले यांनी. ताकदीनं भूकंपाला अडवायचं या जुन्या हट्टापासून हे फार दूरचं पाऊल होतं. एका साखळीच्या चित्रात ते सगळं मावतं, हे शिक्षक म्हणून मूर्तींचं यश.

पण कागदावरचा हा विचार प्रत्यक्षात कशानं टिकतो? कॉलममधल्या रिंगेच्या टोकानं. उभ्या सळयांभोवती घातलेल्या रिंगेची टोकं ९० अंशांत वाकवली तर कामगाराला सोपं जातं. मोठ्या हादऱ्यात सळयांबाहेरचं काँक्रीटचं कव्हर आधी सुटून पडतं. त्याबरोबर ९० अंशांची टोकं उघडतात, रिंग सैल होते, उभ्या सळया बाहेरच्या बाजूला वाकतात आणि आतलं काँक्रीट फुटून सांडतं. तीच टोकं १३५ अंशांत, म्हणजे कॉलमच्या गाभ्यात शिरतील अशी वाकवली तर कव्हर गेल्यावरही रिंग मिठी सोडत नाही. फरक ४५ अंशांचा. टिपणांमध्ये या आकड्याचं चित्र येतं तेव्हा मला त्यात पुस्तकाचा सारा आवेग एकवटलेला दिसतो, जरी वाक्य नेहमीसारखंच थंड आहे. मोठमोठे सिद्धांत, संगणकावरची गणितं, आणि शेवटी सगळी भिस्त सेंट्रिंगच्या फळ्यांवर उन्हात बसून रिंगा वाकवणाऱ्या माणसाच्या मनगटावर. त्याला हे ४५ अंश का लागतात हे कोणी समजावलं होतं का? ओव्हरसियरनं काँक्रीट ओतण्याआधी वाकून पाहिलं होतं का? काँक्रीट पडल्यावर ते पुन्हा कोणालाच दिसत नाही.

एकविसावं टिपण आपल्या शहरांनी तर घराघरांत लावावं असं. वरच्या मजल्यांवर खोल्यांच्या विटांच्या भिंती, खाली पार्किंगसाठी नुसते खांब. वरचा भाग भिंतींमुळे एकसंध ठोकळ्यासारखा कडक होतो. हलण्याचं सगळं काम तळमजल्याच्या खांबांवर येतं. अहमदाबादेत २००१ साली अशाच इमारती बसल्या. २००२ च्या सुधारित मानकानं अशा तळमजल्याचे बीम आणि कॉलम अडीच पट बळांसाठी आखायला सांगितलं. पण त्याआधी बांधलेल्या इमारतींचं काय? पुण्यात, ठाण्यात, नाशकात १९८० आणि ९० च्या दशकांत पार्किंगवर उभ्या राहिलेल्या सोसायट्यांच्या रांगा आहेत. २००२ च्या नकाशात मुंबई आणि पुणे दोन्ही तिसऱ्या भूकंपक्षेत्रात होती. अशा जुन्या इमारती बळकट करायला हव्यात असं टिपण म्हणतं, आणि तिथे थांबतं. कसं करायचं, किती खर्चाचं, लोक राहत असताना करता येईल का, यांवर दोन पानांत जागा नाही. पुस्तकाची ही उणीव मला खरोखर टोचते. मूळ चोवीस टिपणांचा चेहरा नव्या बांधकामाकडे आहे, आणि आपला मोठा धोका आधीच उभ्या असलेल्या इमारतींत आहे.

दुसरी गोष्ट काळानं पुढे आणली. आठव्या टिपणात भूकंपरोधक रचनेचं तत्त्वज्ञान आहे: लहान हादऱ्यात इमारतीला काही होऊ नये, मध्यम हादऱ्यात झालेली मोडतोड दुरुस्त करता यावी, आणि मोठ्या हादऱ्यात इमारत निकामी झाली तरी चालेल पण कोसळू नये. माणसं वाचली पाहिजेत. हे तत्त्वज्ञान जगभरच्या मानकांचं आहे. २२ फेब्रुवारी २०११ रोजी त्याची परीक्षा झाली ती नेमकी क्राइस्टचर्चमध्ये, पार्क आणि पॉले यांच्या विद्यापीठाच्या गावी. १८५ माणसं गेली; त्यांतली ११५ एकट्या सीटीव्ही इमारतीत, जिच्या रचनेत गंभीर दोष असल्याचं चौकशीत निघालं. इतर बहुसंख्य आधुनिक इमारती साखळीच्या चित्राप्रमाणेच वागल्या: वाकल्या, तडकल्या, पण माणसांवर पडल्या नाहीत. आणि त्यानंतर शहराच्या मध्यवर्ती भागातल्या हजारभर इमारती पाडाव्या लागल्या. बाजार, कचेऱ्या, रोजगार, सगळं वर्षानुवर्षं बंद राहिलं. प्राण वाचवणाऱ्या रचनेनं शहर वाचलं नाही.

आठवं टिपण या अनुभवानंतर वाचताना त्यातला मधला शब्द, दुरुस्ती, जड होतो. आज या शास्त्राचं लक्ष तिकडेच वळलं आहे: भूकंपानंतर इमारत किती दिवसांत पुन्हा वापरात येईल हे रचना करतानाच ठरवायचं. मोडायची जागा अशी करायची की ती मोडली तर काढून नवी बसवता यावी. भिंती पायाशी झुलून पोलादी ताणतारांच्या ओढीनं पुन्हा सरळ व्हाव्यात. साखळीतली चिवट कडी आता बदलता येण्याजोगी हवी आहे. याला विरोध करणारं मूर्तींच्या पुस्तकात काही नाही. पाया त्यांनीच घातलेला आहे. फक्त ‘कोसळू नये’ या वाक्यावर समाधान मानायचे दिवस सरले.

चोविसाव्या टिपणात त्याची चाहूल आहेच. हलणाऱ्या जमिनीपासून इमारतच सुटी करायची, मधे रबर आणि पोलादाच्या थरांच्या बेअरिंग घालायच्या, म्हणजे जमीन जोरानं सरकली तरी वरची इमारत संथ हलेल. ही पद्धत न्यूझीलंडमध्ये बिल रॉबिन्सन यांच्या शिसं भरलेल्या रबरी बेअरिंगमुळे घरोघर नाही तरी इमारतींमध्ये रुळली. वेलिंग्टनची विल्यम क्लेटन इमारत १९८१ साली त्यांवर उभी राहिली. भुजचं पडलेलं रुग्णालय पुन्हा बांधलं ते चार मजली आणि अशाच बेअरिंगवर. पण त्याआधी, हे टिपण आपल्याला सांगतं, भारतात या तंत्राचं पहिलं प्रात्यक्षिक झालं ते नव्या किल्लारीत: एक शाळा आणि एक दुकानांची इमारत, दोन्ही एकमजली, विटांच्या भिंतींच्या, रबरी आधारांवर ठेवलेल्या. चौदाव्या टिपणातल्या ७५ मिलिमीटरच्या पट्ट्यापासून इथवर, पुस्तकाची दोन टोकं एकाच मराठी गावात येऊन मिळतात. महाराष्ट्रात हे किती जणांना माहीत असेल याची मला शंका आहे. क्राइस्टचर्चमध्ये अशा बेअरिंगवरचं महिला रुग्णालय २०११ च्या त्या दिवशी चालू राहिलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात पन्नास हजारांहून अधिक माणसं मेली तेव्हाही बेअरिंगवर उभ्या असलेल्या रुग्णालयांत जखमींवर उपचार होत होते. किमान रुग्णालयांच्या बाबतीत तरी हा खर्च चैनीचा म्हणता येणार नाही.

तुर्कस्तानचा उल्लेख दुसऱ्या कारणानंही करायला हवा. तिथली मानकं चांगली होती. पाळली जात नव्हती, आणि बेकायदा बांधकामांना सरकारनं माफी दिली होती. उलट जपाननं १९८१ साली नियम कडक केले, ते पाळून घेतले, आणि १९९५ च्या कोबेच्या भूकंपात १९८१ नंतरच्या इमारती जुन्यांहून कितीतरी चांगल्या टिकल्या. अकराव्या टिपणात मूर्ती मानकांचा परिचय करून देतात, पण अंमलबजावणीबद्दल ते फारच सभ्यपणे बोलतात. तिथे त्यांचा आवाज थोडा चढायला हवा होता असं मला वाटतं. किल्लारीचा प्रदेश तर १९९३ च्या भूकंपावेळच्या नकाशात सर्वांत सुरक्षित, पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्यात गेला. नकाशेही माणसंच काढतात, आणि अनुभवानं दुरुस्त करतात.

उभ्या सळया आणि आडवे पट्टे यांची टिपणं जिथे संपतात तिथून एक रस्ता पुढे गेला आहे, आणि तो माझ्या मते आपल्या देशाला सर्वांत उपयोगी. विटांची भिंत आधी बांधायची, तिच्या कडा दातेरी सोडायच्या, आणि मग त्या खाचांत सडपातळ काँक्रीटचे खांब ओतायचे. वर त्याच जातीचे पट्टे. खांब आधी ओतून भिंत नंतर भरण्याची आपली रीत इथे उलटी होते, आणि भिंत व खांब एकजीव होतात. चिलीमध्ये १९२८ च्या भूकंपानंतर ही रीत रुजली आणि तिनं स्वतःला पुन्हा पुन्हा सिद्ध केलं. गांधीनगरच्या आयआयटीनं आपली वसतिगृहं आणि घरं याच पद्धतीनं बांधली. तीन-चार मजल्यांची जी घरं आज तालुक्यांच्या गावांत सडपातळ कॉलम-बीमवर उभी राहत आहेत, त्यांतल्या बहुतेकांना हीच पद्धत जास्त सुरक्षित ठरेल, आणि गवंड्याचं विटकामाचं कसब वाया जाणार नाही.

राहिला प्रश्न जुन्या घरांचा, ज्यावर पुस्तकात जागा नाही. त्याचं उत्तर लातूरमध्ये आर्य यांच्या मार्गदर्शक पद्धतीनं एकदा देऊन झालं आहे: उभ्या दगडी भिंतीतून हळूच काही दगड काढायचे, आरपार भोक करायचं, त्यात वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं, की भिंतीला उशिरा का होईना तो आरपार दगड मिळतो. नेपाळमध्ये ‘एनसेट’ या संस्थेनं १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून गावच्याच गवंड्यांना शिकवून शाळा बळकट केल्या. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात काठमांडू खोऱ्यातल्या त्या शाळा उभ्या राहिल्या. त्या दिवशी शनिवार होता, वर्ग रिकामे होते. पण इमारती टिकल्यामुळे त्यांत गावाला आसरा घेता आला. गवंड्यांच्या हाती मात्र ते कसब कायमचं राहिलं.

म्हणून मला या मालिकेत आणखी एक टिपण हवं आहे, त्याच दोन पानांच्या शिस्तीतलं, त्याच बाणांचं. विषय: लोक राहत असलेल्या, पार्किंगवर उभ्या चार मजली सोसायटीचा तळमजला बळकट कसा करावा. कुठल्या दोन कॉलममध्ये काँक्रीटची भिंत घालायची, कुठे पोलादी कैच्या लावायच्या, कुठल्या कॉलमला नव्या सळयांचं आणि १३५ अंशांच्या रिंगांचं जाकीट चढवायचं, नवी भिंत सगळी एकाच बाजूला येऊन इमारत झोक्यासारखी गिरकी घेणार नाही याची काळजी कशी घ्यायची, पाया किती उकरावा लागेल, कोणाच्या गाडीची जागा जाईल, आणि वर्गणी प्रत्येक फ्लॅटमागे कशी वाटायची. शेवटच्या दोन मुद्द्यांवर अभियंते लिहीत नाहीत. सर्वसाधारण सभेत ठराव मात्र त्यांच्यावरच अडतो, तेव्हा तेही त्या दोन पानांत आले पाहिजेत.